रिकाम्या गाईच्या घरचा चहा

त्यागाने माणूस मोठा होतो, असे आपल्याकडे फार पूर्वीच ठरून गेले आहे. कोणी राज्य सोडले, कोणी संसार सोडला, कोणी अन्नपाणी. मी पहिली नोकरी केली त्या जनावरांच्या दवाखान्याच्या भिंतीवरही निळ्या ऑइलपेंटने 'त्याग हीच सेवा' असे लिहिलेले होते आणि खाली त्याच रंगात लाळ-खुरकुताच्या लसीची माहिती होती. त्या भिंतीला पाठ लावून बसणाऱ्या आमच्या साहेबांनीही आयुष्यात एक मोठा त्याग केला. त्यांनी चहा सोडला.

हे वाचून कोणी हसेल. अचलपूर तालुक्यात तेव्हा कोणी हसले नाही. साहेबांनी चहा सोडला आणि कोणाची गाय गाभण आहे, कोणाची नाही, हे लोकांना कळेनासे झाले.

साहेब जनावरांच्या सगळ्याच दुखण्यांवर औषध देत, पण त्यांचा जीव होता तो गाईच्या गर्भाशयात. माजावर न येणाऱ्या गाई, माजावर येऊन, भरवूनही गर्भ न धरता पुन्हा उलटणाऱ्या गाई, विल्यावर जार, म्हणजे वार, अडकलेल्या, आत पू धरलेल्या गाई, यांच्यात ते रमत. दूध कमी झाले म्हणून कोणी गाय घेऊन आला, की कासेकडे पाहतही नसत. सरळ शेपटी उचलत. "कास म्हंजे दुकानाची पाटी," ते म्हणत. "माल मांगं गोदामात असते. गोदाम पाहू द्या आधी."

गाय विली तर दूध. गाभण राहिली तर विणार. आत सगळे ठीक असेल तर गाभण राहणार. त्यांचे सगळे शास्त्र एवढेच होते आणि ते इतके सरळ होते की लोकांना पटत नसे. लोकांना ढेप बदलायची असे, पावडर चारायची असे, दृष्ट काढायची असे. एकदा अमरावतीला एका मेळाव्यात त्यांना 'दुग्धवाढीची नवी दिशा' या विषयावर बोलायला बोलावले होते. सूत्रसंचालकाने 'गोधनाचे गाढे अभ्यासक' वगैरे म्हणून त्यांची ओळख करून दिली. ती ओळख भाषणापेक्षा लांब झाली. साहेब माइकपाशी गेले, म्हणाले, "गाय दरसाल विते का ते पाहा. बाकीचं ढेपवाला सांगंल," आणि जागेवर येऊन बसले. उरलेल्या वेळात स्वागतगीत पुन्हा म्हणण्यात आले.

त्यांचे शर्ट अचलपूरचे कमरुभाई शिवत. उजवी बाही मनगटापर्यंत, बटणासकट; डावी खांद्याखाली चार बोटांवर संपलेली. तपासणीचा हात डावा, त्याला कापडाची अडचण नको. घड्याळही म्हणून उजव्या मनगटावर. हा शर्ट दवाखान्यापुरता असता तर समजण्यासारखे होते, पण ते लग्नाला, बँकेत, जिल्हा परिषदेच्या बैठकीला त्याच शर्टात जात. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आजोबांना वाटले, बिचाऱ्याची बाही फाटली आहे. त्यांनी आहेरात शर्टपीस दिला. साहेबांनी तो कमरुभाईकडे नेऊन त्याचीही एक बाही आखूड शिवून घेतली.

खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे दवाखान्यात खोक्याने पडून असत. साहेब साबण लावून नुसता हात घालत. "मोजा घातला की दुसऱ्याच्या तोंडून निरोप ऐकल्यासारखं होते," म्हणत. मी नवीन होते, पुस्तक ताजे होते. गाईपासून माणसाला काय काय होऊ शकते, ते मी त्यांना सविस्तर सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "बरोबर आहे, डॉक्टरबाई. तुमी घालत जा," म्हणाले, आणि साबण मागितला.

हात आत गेला की ते डोळे मिटत आणि मान जराशी वर करत, लांबच्या रेडिओवर बातम्या ऐकणाऱ्या माणसासारखे. मालक काही बोलू लागला तर उजवा हात वर करून त्याला थांबवत. गर्भ केवढा ते सांगायची त्यांची रीत ठरलेली होती: उंदीर, घूस, मांजर. पण ते आम्हा डॉक्टर लोकांत. गाईच्या मालकाला ते काहीच सांगत नसत. हात धुवायला मोरीपाशी जात, पंच्याने हात कोरडा करत आणि मग दोनपैकी एक वाक्य बोलत. "चहा ठेवा" म्हणजे गाय गाभण. "पाणी द्या" म्हणजे रिकामी.

याला कारण होते, आणि ते त्यांनी मला एकदाच, मोटरसायकलवर, वाऱ्यात ओरडून सांगितले होते. "ज्याच्या घरची गाय रिकामी, त्याच्या घरचं दूध अगुदरच कमी. त्यातलं कपभर आपण काहून कमी करावं?" बस, एवढेच. पण वर्षानुवर्षे पाळल्यामुळे त्याला वेदवाक्याची कळा आली होती. साहेबांनी तोंडाने सांगितलेले लोक विसरत, त्यांनी कपाला तोंड लावलेले विसरत नसत. सोयरिकीच्या बैठकीतही मी ऐकले आहे: "गाय गाभण आहे पाहुणे, साहेब चहा पिऊन गेले."

मी बाई असल्यामुळे मला स्वयंपाकघरापर्यंत जाता येई, आणि या रीतीची दुसरी बाजू मला तिथे दिसली. साहेब गोठ्यात हात धूत असत तेव्हा आत गॅसवर पातेले चढलेले असे, पाणी उकळलेले, पत्ती हातात घेतलेली. पत्ती टाकायची की डब्यात परत ठेवायची, ते बाहेरच्या आवाजावर. मी परीक्षांचे निकाल लागताना पाहिले आहेत, निवडणुकांचे पाहिले आहेत. त्या पातेल्यासमोर उभ्या असलेल्या बायकांइतके कान देऊन ऐकणारे कोणी पाहिले नाही.

बाजाराच्या मैदानावर जनावरांचे प्रदर्शन भरले होते, त्या दिवशी या रीतीने चांगलीच करमणूक केली. जास्त दुधाचा पहिला नंबर एका पुढाऱ्याच्या गाईला मिळाला. गाईच्या गळ्यात हार, पुढाऱ्याच्या गळ्यात हार, प्रमुख पाहुण्यांच्या गळ्यात हार. गाय आपला हार खात होती, तिघांत तीच काय ती कामात होती. पुढाऱ्याला वाटले, आणखी थोडे व्हावे. तो साहेबांना म्हणाला, "साहेब, गाय गाभण बी आहे म्हणून सांगून द्या न माइकवर." साहेबांनी साबण मागितला. मांडवासमोर, पाहुण्यांदेखत, डोळे मिटून त्यांनी तपासले आणि हात धुऊन व्यासपीठावर येऊन बसले. चहाचा ट्रे आला. सोनेरी काठाचे कप होते.

"पाणी द्या," साहेब म्हणाले.

मांडवाला कळायचे ते कळले. प्रमुख पाहुणे अमरावतीचे, त्यांना काय माहीत. ते काळजीने म्हणाले, "शुगर आहे वाटतं यांना. अरे, बिनसाखरेचा आणा." बिनसाखरेचा आला. साहेब म्हणाले, "पाणी." तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "रिकामी हाये बे!" आणि पुढे भाषणे झाली ती कोणी ऐकली नाहीत. पुढाऱ्याने बरेच दिवस धुसफूस केली. मग गाय खरेच दोनदा उलटल्यावर गपचूप साहेबांना बोलावले, उपचार करून घेतले आणि ज्या दिवशी साहेबांनी त्याच्या ओसरीवर चहा घेतला त्या दिवशी फटाके लावले.

असा सगळा सुखाचा कारभार होता. तो बिघडला शहजादीमुळे.

शहजादी ही कमरुभाईंची गाय. गाय नावाला कमरुभाईंची, खरी त्यांच्या बायकोची, बानोबीची. तयार कपड्यांच्या दुकानांनी कमरुभाईंची मशीन अर्धी बंद पाडली होती, साहेबांसारखी दीड बाहीची गिऱ्हाइके काही रोज मिळत नाहीत. घर चालत होते ते बानोबीने गल्लीत लावलेल्या दुधाच्या रतिबावर. त्या वेतात शहजादीची जार अडकली, कोणीतरी शहाण्याने ती ओढून काढली, ताप आला, दूध घटले. साहेबांनी उपचार केले, पुढे ती माजावर आली तेव्हा भरवली, आणि त्यानंतर तिने माज दाखवला नाही. माज बंद म्हणजे गाभण, असा सगळ्यांचाच समज असतो.

साहेब तपासायला गेले तेव्हा मी बरोबर होते. हात आत घातला आणि त्यांचा चेहरा लगेच मोकळा झाला. एरवी ते बराच वेळ चाचपत, त्या दिवशी चटकन हात काढला. "चहा ठेवा, बानोबी!" आतून पत्ती पडल्याचा वास आला. बानोबीने गल्लीत शिरा वाटला. जे रतीब तोडून पिशवीच्या दुधावर गेले होते त्यांच्या घरी जरा जास्तच वाटला.

त्यानंतर काही महिन्यांनी बानोबीचा निरोप आला. शहजादीचे पोट दिसत नाही, कास धरत नाही, आणि ती खाली बसली की मागून घाण येते. साहेब तसेच निघाले. गाय बसली होती, आणि तिच्यामागे फरशीवर दह्यासारखा पिवळट पू होता. पुढचे आम्हा दोघांनाही तपासण्याआधी कळले. गर्भाशय पुवाने भरले की ते जड होते, खाली उतरते, हाताला भरल्यासारखे लागते, आणि गाय माजावर येत नाही. वरवर चाचपणाऱ्या हाताला ते अगदी गर्भासारखे लागते. नवशिक्याची चूक. मला कॉलेजात तिच्याबद्दल पहिल्या वर्षी बजावले होते, आणि साहेबांनी मला पहिल्या आठवड्यात.

साहेबांनी तरी हात घातला. बराच वेळ ठेवला. मग मोरीपाशी जाऊन धुतला, पुन्हा धुतला. आत बानोबीने सवयीने पातेले चढवले होते.

"पाणी द्या," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "बानोबी, मागच्या खेपेचा चहा मी फुकट पेलो."

"चहा गेला चुलीत, साहेब," बानोबी दारात येऊन म्हणाली. "गाईचं सांगा. ठेवू का नाही ठेवू?"

कमरुभाई मशीनवरून उठले होते. "कायले ठेवते आता? दूध आटलं, कडबा सोन्याच्या भावानं. तिच्यापायी आपण उपाशी राह्यचं?"

"अन काढून कुठी देता?" बानोबी फिरली. "आपल्या दारातून भाकड गाय निंगाली, तं कुठी चालली, कोनाकडं चालली म्हणून चार लोकं मांगं येतीन. हाये हिंमत?"

कमरुभाई परत मशीनवर जाऊन बसले. ठेवणे परवडत नव्हते आणि काढणे शक्य नव्हते. गाय गाभण राहणे एवढा एकच मार्ग त्या घराला उरला होता, आणि तो साहेबांच्या डाव्या हातातून जात होता. साहेब शहजादीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "एक साल द्या मले," ते म्हणाले. "अन ही गाभण राहत नाही तोवर मी चहाले शिवत नाही. कुठीच नाही."

बानोबी म्हणाली, "तुमी चहा सोडून ते गाभण राह्यते काय?"

शास्त्रीय दृष्ट्या तिचे म्हणणे बिनतोड होते. साहेबांनी मात्र शब्द पाळला, आणि तालुक्यात गोंधळ उडाला.

दुसऱ्याच दिवशी एका गावात साहेबांनी गाय तपासली, हात धुतला, आणि म्हणाले, "पाणी द्या." मालकीण आत मटकन खाली बसली. साहेबांच्या लक्षात आले. "गाभण आहे, गाभण आहे," ते घाईने म्हणाले.

"मंग चहा घ्या," मालक म्हणाला.

"चहा नाही घेत."

"मंग गाभण नाही."

"अरे बाप्पा, आहे म्हणतो न!"

"आमचं मन राखाले म्हणून राहिले साहेब तुमी. समजते आमाले."

हे सगळीकडे होऊ लागले. साहेब कागदावर सही करून देत तरी लोक मान हलवत. एका माणसाने धडधडीत गाभण गाय परतवाड्याच्या बाजारात काढली, तिला आम्ही गाडी आडवी घालून परत आणली. शेवटी तोडगा लोकांनीच काढला. साहेब घेत नाहीत तर बरोबरच्या मॅडमनी घ्यावा. त्यांनी तपासायचे, मी प्यायचे. साहेबांनाही ते मान्य झाले. त्यामुळे त्या वर्षी तालुक्यातली जेवढी जनावरे गाभण राहिली तेवढे कप चहा मी प्याले. वऱ्हाडचा उन्हाळा, दुपारची वेळ, दुधाचा, भरपूर साखर घातलेला, वेलची असेल तर वेलचीचा. नाही म्हणायची सोय नव्हती. मी कप खाली ठेवला असता तर त्या घरात सुतक आले असते. साहेब बाजूला पाण्याचा तांब्या घेऊन बसत आणि माझ्याकडे पाहत. तेव्हा मला वाटे, बिचाऱ्यांना किती तल्लफ येत असेल. मी त्यांच्याकडे पाठ करून पीत असे.

शहजादीकडे ते वाकडी वाट करून जात. आधी इंजेक्शनाने पू बाहेर काढला. पहिला माज आला, तो भरवला नाही, नुसता पाहिला. माजावरच्या गाईच्या मागून जी चिकट तार लोंबते तिला सोट म्हणतात. तो काचेसारखा स्वच्छ हवा. शहजादीचा गढूळ होता. साहेब तो दोन बोटांत ताणून उन्हाकडे धरत, सराफाने हिरा धरावा तसा, आणि नाही म्हणून मान हलवत. बानोबीही मग धरायला शिकली. तिचा फोन दवाखान्यात येई: "साहेब, आज थोडासा साफ हाये, पन मधात धागा दिसून राहिला." कमरुभाई सांगत, गल्लीतल्या बायका आता हिच्या हातचे पाणी प्यायला कचरतात. चारा मात्र तेच आणत, सायकलवर, न बोलता.

सोट काचेसारखा झाला तेव्हा गाय भरवली. ती उलटली. पुन्हा भरवली. मग वाट पाहणे. साहेबांची सेवानिवृत्ती जवळ आली होती आणि हे कोणी बोलून दाखवत नव्हते.

तपासायच्या दिवशी बानोबी गोठ्याच्या दारात उभी होती. आत गॅस पेटलेला नव्हता. मी डोकावून पाहिले, पातेले पालथे होते. साहेबांनी हात घातला, डोळे मिटले. हात बाहेर काढला, परत साबण लावला, परत घातला. या वेळी डोळे उघडे होते. तसे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "डॉक्टरबाई, तुमी पाहा."

मी मोजा चढवला. मग काढला. साबण मागितला.

त्या क्षणाबद्दल उदात्त काही लिहायचा मोह होतो. आत ऊब होती, आणि बोटांच्या चिमटीतून एक पातळ पापुद्रा सुटकन निसटला. पुवाच्या पिशवीत तो नसतो. गर्भाभोवतीच असतो. मी म्हणाले, "घूस आहे, साहेब."

साहेब मोरीपाशी गेले. हात धुतला, पंच्याने पुसला. म्हणाले, "चहा ठेवा, बानोबी."

"दूध नाही घरात," बानोबी म्हणाली, आणि दारालाच टेकून खाली बसली. रडत होती की हसत होती, मला कळले नाही. कमरुभाई पिशवी आणायला धावले. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध संपले होते. शेवटी कोराच चहा झाला. साहेबांनी तो कपाच्या तळापर्यंत प्याला, डोळे मिटून.

ते निवृत्त होऊन अकोल्याला गेले, त्यानंतर शहजादी विली. गोऱ्हा झाला. पण दूध उतरले, रतीब परत लागले. बानोबीने पहिला चीक डब्यात घालून अकोल्याच्या एसटीत कंडक्टरच्या हाती साहेबांना पाठवला. तो वाटेत नासला. साहेबांनी फोन करून तो फार छान होता असे सांगितले.

मी आता अमरावतीला आहे. आता माझ्याकडे सोनोग्राफीचे मशीन आहे. गाईच्या बाजूला पडदा धरायचा, मालक स्वतःच पाहतो. चूक होत नाही, संसर्ग होत नाही, वेळ लागत नाही. चहा मी पोचायच्या आधीच तयार असतो. गाय गाभण असली तरी येतो, रिकामी असली तरी येतो. कोणी माझ्या कपाकडे पाहत नाही. क्वचित एखाद्या घरी आत पाणी उकळल्याचा आवाज येतो आणि माझा हात धुता धुता थांबतो, कोणीतरी तिकडे कान देऊन उभे असेल असे वाटते. मी डोकावते. मालकीण मोबाइल पाहत असते.

साहेब गेल्याचे मला उशिरा कळले. मी अकोल्याला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, कपाट उघडून दाखवले: दीड बाहीचे शर्ट, इस्त्री केलेले, ओळीने. "हे कोनाले द्यावं, सांग," त्या म्हणाल्या. "ज्याले दिलं तो म्हंते, दुसरी बाही कुठी आहे?" मग त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. मी त्यांना साहेबांनी वर्षभर चहा सोडल्याची गोष्ट सांगितली. शहजादीची, बानोबीची, तांब्या घेऊन बसण्याची.  काकू शांतपणे ऐकत होत्या.

"चहा कुठचा सोडते ते," त्या म्हणाल्या. "त्याहीले चहा कदीच नाही आवडला. कप तोंडाले लावला की छातीत जळजळ. घरी ताकच पेत. पन लोकायच्या घरी घ्या लागे म्हणत, गाय गाभण असली का. औषधं खाऊन खाऊन घेत." त्यांनी कपाट लावून घेतले. "अचलपूरले असताना ते एक साल मातर त्याहीचं पोट फार चांगलं होतं."

माझे पित्त त्याच वर्षी सुरू झाले. अजून आहे.